ऑफिसचा फोन इंटरनेटवर नेण्याआधी त्याच्या उणिवा कशा तपासाव्यात

इंटरनेट फोनचे फायदे विक्रेता सांगतोच. उणिवा मात्र बहुतेक वेळा जुनी लाइन बंद केल्यावर कळतात. तोवर काही ग्राहक फोन लागत नाही म्हणून दुसरीकडे गेलेले असतात. म्हणून विक्रेत्याकडून चाचणीपुरते दोन-चार फोन मागून घ्या आणि जुनी लाइन चालू असतानाच पुढची तपासणी करा.

१. कामकाज संपल्यावर ऑफिसचा मेन स्विच खरोखर बंद करा. तांब्याच्या तारेवरच्या साध्या फोनला एक्स्चेंजमधून सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा मिळतो, त्यामुळे इमारतीत अंधार असला तरी तो वाजतो. इंटरनेट फोनला बाहेरून वीज मिळत नाही. फायबरचं मोडेम, राउटर, नेटवर्क स्विच यांतलं एक जरी बंद पडलं तरी सगळे फोन गप्प होतात. बऱ्याच ठिकाणी यूपीएस कॉम्प्युटरला असतो आणि राउटर मात्र थेट भिंतीतल्या प्लगवर. ही सगळी उपकरणं यूपीएसवर घ्या आणि ती किती वेळ तग धरतात ते घड्याळ लावून पाहा.

२. आता आवाज. स्पीड टेस्टचा मोठा आकडा पाहून निर्धास्त होऊ नका. जी.७११ या नेहमीच्या कोडेकवर (आवाजाचं डिजिटल डेटात रूपांतर करण्याच्या पद्धतीवर) एका कॉलला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ केबीपीएस (सेकंदाला ८७ किलोबिट) लागतात. दहा जण एकाच वेळी बोलत असले तरी १ एमबीपीएस, म्हणजे १,००० केबीपीएस, पुरतो. घोळ होतो तो वेळेचा. आवाज पलीकडे पोचायला १५० मिलिसेकंदांहून जास्त लागू लागले की माणसं एकमेकांचं बोलणं तोडू लागतात. आवाज इंटरनेटवरून पॅकेट म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांत जातो. पॅकेट गळण्याचं प्रमाण १ टक्क्याच्या आत आणि जिटर, म्हणजे पॅकेट पोचण्यातला मागेपुढेपणा, ३० मिलिसेकंदांच्या आत हवा. ऐन गर्दीच्या वेळी, मोठी फाइल अपलोड होत असताना कॉल करून बघा. आवाज तुटला तर राउटरमध्ये क्यूओएस ही सेटिंग लावून कॉलना प्राधान्य द्या. मात्र त्याचा अंमल तुमच्या राउटरपर्यंतच. पुढच्या इंटरनेटवर तुमचा ताबा नसतो. एकाच बाजूचा आवाज येत असेल तर आधी राउटरमधलं सिप एएलजी (इंटरनेट कॉलच्या डेटात फेरफार करणारी सेटिंग) बंद करून पाहा.

३. जुन्या लाइनवर आणखी काय काय चालतं, याची यादी करा. फॅक्स, चोरीचा अलार्म, लिफ्टमधला फोन, कार्ड मशीन. फॅक्ससाठी नव्या सेवेत टी.३८ (इंटरनेटवरून फॅक्स पाठवण्याची पद्धत) आहे का, हे विचारा. अलार्म आणि लिफ्टचा फोन संबंधित कंपनीने तपासल्याशिवाय हलवूच नका.

४. आपत्कालीन कॉलची नीट चौकशी करा. इंटरनेट फोन कुठेही नेता येतो, पण मदत पाठवणाऱ्यांना तुमचा जुना, नोंदवलेला पत्ता दिसू शकतो. घरून काम करणाऱ्याने मदतीसाठी फोन केला आणि रुग्णवाहिका ऑफिसच्या दारात गेली, असं होता कामा नये. सेवा देणाऱ्याकडून याचं उत्तर लेखी घ्या आणि जागा बदलली की पत्ताही बदला.

५. सर्वांत महागात पडणारा धोका टोल फ्रॉडचा, म्हणजे तुमच्या फोनवरून चोरून कॉल लावण्याचा आहे, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. एखाद्या एक्स्टेंशनचा (ऑफिसातल्या एखाद्या अंतर्गत फोनचा) कच्चा पासवर्ड मिळाला की चोर रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी महागड्या परदेशी नंबरांवर सलग कॉल लावतात, आणि त्याचं बिल बहुधा तुमच्याच माथी येतं. लागत नसतील ते परदेशी कॉल बंद ठेवा, रोजच्या खर्चाला मर्यादा घाला, फोनसोबत आलेले पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. फोनप्रणालीचं ॲडमिन पान (जिथून सगळ्या सेटिंग बदलता येतात) इंटरनेटवर उघडं ठेवू नका. संभाषण सांकेतिक करून सुरक्षित ठेवणारं एसआरटीपी आणि सिग्नलिंग (कॉल जोडण्याची माहिती) तसंच सुरक्षित ठेवणारं टीएलएस मिळतं का, तेही विचारा.

६. करारात नंबर कोणाच्या नावावर राहील आणि सेवा सोडताना तो सोबत नेता येईल का, हे वाचा. इंटरनेट गेलं तर कॉल आपोआप मोबाइलवर वळतील अशी सोय करून घ्या आणि केबल काढून ती चालते का ते पाहा. जुनी लाइन बंद करण्याचा अर्ज तोच नंबर नव्या सेवेवर पोर्ट (हस्तांतरित) होऊन कॉल येऊ लागल्यावरच द्या. आधी दिला तर नंबरच हातचा जाऊ शकतो.