सोलापुरात पिल्लू आणताना: जातिवंत निवडावे की मिश्र?

कुत्र्याचे पिल्लू आणण्याचा विचार पक्का झाला की घरातली चर्चा थेट जातीच्या नावांवर येते. मुलांना लॅब्रॉडोर हवा असतो, वडिलांना राखणीसाठी जर्मन शेफर्ड बरा वाटतो, आणि कोणी गल्लीतलेच एखादे पिल्लू सुचवले तर ती सूचना फारशी मनावर घेतली जात नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की या निवडीत जातीचे नाव सर्वांत शेवटी यावे. इथला उन्हाळा त्या पिल्लाच्या शरीराला सोसेल का आणि त्याची आई कशा स्थितीत आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय जातीची निवड करणे म्हणजे पुढची बारा-तेरा वर्षे एका छायाचित्राच्या भरवशावर सोपवणे होय.

आपल्याकडे पर्याय प्रत्यक्षात तीन असतात. आई-बाप दोघेही एकाच जातीचे आणि वंशावळ नोंदलेली असे जातिवंत पिल्लू हा पहिला. दोन वेगळ्या जातींच्या, किंवा एक जातिवंत आणि एक गावठी अशा जोडीचे मिश्र पिल्लू हा दुसरा. तिसरे गावठी पिल्लू. त्याला पुष्कळ लोक सरमिसळ समजतात, परंतु गावठी कुत्रा हा माणसाच्या वस्तीच्या आधाराने, कोणी ठरवून पैदास न करता, इथल्याच हवामानात पिढ्यानुपिढ्या टिकत आलेला स्वतंत्र देशी वंश आहे. म्हणूनच आखूड केस, निमुळते तोंड, उभे कान आणि मध्यम बांधा ही त्याची ठेवण देशाच्या मोठ्या भागात सारखीच दिसते.

जातिवंत पिल्लाचा खरा लाभ म्हणजे अंदाज बांधता येणे. ते मोठेपणी किती वजनाचे होईल, त्याचे केस किती गळतील, त्याला किती धावावे लागेल, हे आई-बापांकडे पाहून बरेचसे सांगता येते. स्वभावाच्या बाबतीत मात्र हा अंदाज लोक समजतात तितका भक्कम नाही. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकेका कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो त्यातला सुमारे ९ टक्केच भाग जातीमुळे समजावून सांगता येतो, असे त्यात आढळले. लॅब्रॉडोर आहे म्हणून तो लहान मुलांशी आपोआप सौम्य वागेल, असे गृहीत धरणे त्यामुळेच धोक्याचे आहे. त्या विशिष्ट पिल्लाचे आई-बाप कसे वागतात आणि पहिल्या तीन-चार महिन्यांत त्याला माणसांचा कसा अनुभव येतो, याला अधिक महत्त्व द्यावे.

आता उन्हाळ्याविषयी, कारण सोलापुरात निवडीची बाजू इथेच बहुतांशी ठरते. एप्रिल-मे महिन्यांत आपला पारा ४० अंशांच्या वर जातो आणि काही दिवस ४३ अंशांनाही पोहोचतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून, म्हणजे जीभ आणि श्वासमार्गातील ओलावा हवेत सोडून, अंगातली उष्णता बाहेर टाकतो. पग, बुलडॉग, शिह त्झू यांसारख्या चपट्या तोंडाच्या जातींत नाकपुड्या अरुंद असतात आणि टाळूचा मऊ भाग घशात लोंबतो, त्यामुळे ज्या वाटेने उष्णता जायची तीच वाट जन्मतः तोकडी असते. अशा कुत्र्याला दुपारी चार जिने चढवले तरी जिवावर बेतू शकते. सायबेरियन हस्की आणि सेंट बर्नार्ड यांच्या अंगावर बर्फाळ प्रदेशासाठी घडलेले दुहेरी केसांचे आवरण असते. त्यांना वातानुकूलित खोलीत ठेवू, असे सांगणाऱ्यांनी वीज गेलेली मे महिन्यातली दुपार, पत्र्याचे छप्पर आणि तापलेली गच्ची आठवून पाहावी. आमच्या शहरात या जाती आणूच नयेत, असे मी स्पष्टपणे सांगतो. वाढवणाऱ्याचे प्रेम कितीही खरे असले तरी त्या शरीराची अडचण त्याने दूर होत नाही.

केसांच्या लांबीचा संबंध पाण्याशीही आहे. शहराच्या अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येणारे पाणी साठवून घर चालवावे लागते. अशा घरात लांब केसांच्या कुत्र्याची स्वच्छता राखणे हे दर आठवड्याचे ओझे होते. त्यातच उष्ण हवेत गोचीड फोफावतात, आणि त्यांच्यामुळे होणारा ताप रक्तातील प्लेटलेट झपाट्याने खाली आणतो. आखूड केसांच्या कुत्र्याच्या अंगावरून रोज हात फिरवला तरी गोचीड सापडतो, दाट केसांत तो पंधरा दिवस लपून राहू शकतो.

आनुवंशिक आजारांबाबत दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती केली जाते. एकाच जातीत मर्यादित जोड्यांतून पैदास होत राहिल्याने काही दोष त्या वंशात घट्ट बसतात, हे खरे आहे: लॅब्रॉडोर व जर्मन शेफर्ड यांच्यात खुब्याचे व कोपराचे सांधे सदोष असणे, डॉबरमनमध्ये हृदयाचे स्नायू दुबळे होणे, डॅक्सहुंडमध्ये पाठीच्या मणक्यांतील चकती सरकणे. परंतु मिश्र पिल्लू आपोआप निरोगी असते, हेही खरे नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ साली २४ आनुवंशिक विकारांची तुलना केली तेव्हा १० विकार जातिवंत कुत्र्यांत अधिक आढळले, गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचा एक विकार मिश्र कुत्र्यांत अधिक आढळला, आणि उरलेल्या १३ विकारांत फरक दिसला नाही. खुब्याच्या सांध्याचा दोष या तेरांतच मोडतो. म्हणून लॅब्रॉडोर आणि जर्मन शेफर्डच्या मिश्र पिल्लाच्या बाबतीत सांध्यांची चौकशी जातिवंत पिल्लाइतकीच काटेकोरपणे करावी.

जातिवंत पिल्लूच घ्यायचे ठरले, तर कागद आणि घर दोन्ही पाहावे. चेन्नई येथे मुख्यालय असलेल्या केनेल क्लब ऑफ इंडियाचे नोंदणीपत्र वंश सांगते. प्रकृतीची हमी देत नाही. तेव्हा नोंदणीपत्रासोबत आई-बापांच्या खुब्यांचे एक्स-रे आणि पशुवैद्यकाने दिलेली लसीकरणाची पुस्तिकाही मागावी. श्वान पैदास व विक्रीसंबंधीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे आवश्यक आहे आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. पस्तीस-चाळीस दिवसांचे पिल्लू ‘लवकर नेले की लवकर लळा लागतो’ असे सांगून हातात देणाऱ्या विक्रेत्याकडून कोणत्याही परिस्थितीत घेऊ नये, कारण चावताना किती जोर लावायचा आणि कधी थांबायचे हे पिल्लू त्याच आठवड्यांत आई आणि भावंडांकडून शिकते.

सर्वांत महत्त्वाची अट म्हणजे पिल्लू जिथे जन्मले ती जागा आणि तिथली आई स्वतः पाहणे. विक्रेता सात रस्ता चौकात किंवा एसटी स्थानकाबाहेर टोपलीतून पिल्लू आणून देतो म्हणत असेल, आई परगावी आहे असे सांगत असेल, किंवा केवळ चित्रफीत पाठवत असेल, तर तो व्यवहार तिथेच थांबवावा. आई खंगलेली असेल, अनोळखी माणूस दिसताच थरथर कापत असेल किंवा अंगावर धावून येत असेल, तर पिल्लू कितीही गोंडस असले तरी परत फिरावे. भीती पिल्लांत काही अंशी रक्तातून उतरते आणि काही अंशी घाबरलेल्या आईकडे पाहून ती शिकली जाते.

मिश्र पिल्लाच्या बाबतीत बापाची माहिती बहुधा नसते, म्हणून मोठेपणीच्या आकाराचा अंदाज सावधपणे करावा. मध्यम बांध्याचे पिल्लू चार महिन्यांचे झाले की त्याचे वजन साधारणपणे पूर्ण वजनाच्या निम्म्याजवळ पोहोचते; त्यामुळे थोडे मोठे पिल्लू घेतल्यास हा अंदाज अधिक बरोबर येतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा.

गावठी पिल्लाविषयी मी जरा सविस्तर लिहितो, कारण सोलापुरातील बहुतेक घरांसाठी तीच निवड योग्य आहे असे मला वाटते. गावठी कुत्र्यांचा माज मुख्यतः पावसाळ्याच्या उत्तरार्धात, भाद्रपदाच्या सुमारास असतो आणि गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. त्यामुळे दिवाळीच्या आसपास आणि नंतर पुष्कळ गल्ल्यांत पिल्ले दिसू लागतात, आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याची यात्रा भरते तोवर त्यांतली बरीच आठ आठवड्यांची झालेली असतात. हा काळ निवडीसाठी उत्तम असतो. आई डोळ्यांसमोर असते, तिला भाकरी घालणाऱ्या गल्लीतल्या मावशींना तिचा स्वभाव वर्षानुवर्षे ठाऊक असतो, आणि कोणते पिल्लू धीट, कोणते बुजरे, हे त्या कोणत्याही विक्रेत्यापेक्षा खरे सांगतात. त्यांना विचारल्याशिवाय पिल्लू उचलू नये; आई दूध पाजत असताना तर मुळीच नाही. मादी पिल्ले मागे राहतात आणि पुढे रस्त्यावर त्यांचे हाल होतात, म्हणून शक्य असेल त्यांनी मादी घ्यावी आणि पशुवैद्यकाने सांगितलेल्या वयात तिची नसबंदी करून घ्यावी.

गावठी पिल्लाचे धोकेही नीट समजून घ्यावेत. रस्त्यावर पार्वो आणि डिस्टेंपर या विषाणूंचा संसर्ग सहज होतो, आणि पोटात जंत जवळजवळ निश्चितच असतात. त्यामुळे घरी नेण्याआधी पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी, आणि घरात आधीचा कुत्रा असेल तर नव्या पिल्लाला दोन आठवडे वेगळे ठेवावे. गावठी कुत्रा सावध असतो, आवाजाला चटकन भुंकतो आणि आपली हद्द राखतो. राखणीसाठी हा गुण चांगला, परंतु भिंतीला भिंत लागून असलेल्या चाळीत शेजाऱ्यांना तो जाचक वाटू शकतो. पिल्लू आणण्याआधीच शेजाऱ्यांशी बोलून ठेवावे.

ज्यांची शेतवस्ती आहे त्यांनी विजापूरच्या पलीकडे बागलकोट जिल्ह्यातील मुधोळकडेही पाहावे. मुधोळ हाउंड, ज्याला आपल्या भागात कारवान म्हणतात, ही दख्खनच्याच कोरड्या माळावर घडलेली, केनेल क्लबने मान्य केलेली जात आहे. जातिवंत कुत्रा हवा आणि तो इथल्या उन्हातही टिकावा, या दोन्ही अपेक्षा तिथे एकत्र पूर्ण होतात. २००५ साली टपाल खात्याने तिचे तिकीट काढले होते. मात्र हा नजरेने सावज हेरून वेगाने पाठलाग करणारा कुत्रा आहे. कुंपण घातलेली मोकळी जागा आणि रोजची भरपूर दौड नसेल तर तो कोंडमाऱ्याने बिघडतो, आणि शेजारी शेळ्या-कोंबड्या असतील तर लहानपणापासून वळण लावावे लागते. जुळे सोलापुरातील दोन खोल्यांच्या सदनिकेत तो ठेवू नये.

पिल्लू कोणतेही असो, ते हातात घेऊन शांतपणे पाहावे. डोळे स्वच्छ, हिरड्या गुलाबी, नाक-कान वाहत नसलेले आणि बेंबीजवळ फुगवटा नसलेला असावा. पाठीमागून टाळी वाजवल्यावर त्याने दखल घ्यावी. क्षणभर दचकून पुन्हा कुतूहलाने पुढे येणारे पिल्लू पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या घरासाठी सर्वांत चांगले. सतत कोपऱ्यात दबून बसणाऱ्याला अनुभवी माणसाची गरज असते, आणि सर्वांवर तुटून पडणाऱ्यालाही. एकाच भेटीत निर्णय घेऊ नये, कारण नुकतेच पोटभर खाल्लेले पिल्लू आणि भुकेलेले पिल्लू फार वेगळे वागते.

आणण्याचा महिनाही विचारपूर्वक ठरवावा. पार्वो-डिस्टेंपरच्या लसीचे डोस सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होऊन तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात आणि रेबीजची लस तीन महिन्यांनी दिली जाते. जानेवारीत आठ आठवड्यांचे आणलेले पिल्लू मार्चमध्ये हे डोस पूर्ण करते, म्हणजे कडक ऊन पडण्याआधी त्याला पहाटेच्या फेरीची सवय लावता येते. तोवर त्याला गल्लीतल्या जमिनीवर सोडू नये. मात्र कडेवर घेऊन रिक्षा, बैलगाडी, लहान मुले, दाढीवाले आजोबा आणि बँडबाजा हे सगळे त्याला दररोज थोडे थोडे दाखवत राहावे, कारण माणसांच्या जगाची ओळख पक्की होण्याचे त्याचे वयही याच आठवड्यांत सरत असते.