बागेतली एकटी आकृती: चित्राचा अर्थ लावताना या चुका टाळा

बागेत एकच माणूस दिसला की बघणारा लगेच म्हणतो, "किती एकाकी!" मीही म्हटलंय. एका चित्रातल्या खाली मान घातलेल्या बाईच्या उदासीवर मी बराच वेळ बोललो आणि मग तिच्या हातातली कात्री दिसली. बाई फांद्या छाटत होती. तेव्हा भावनेचं नाव घेण्याआधी हात काय करताहेत ते बघा.

बागेला नुसती पार्श्वभूमी समजणं ही त्याहून मोठी चूक. फ्रेंच चित्रकार मोनेच्या १८६७च्या 'बागेतली स्त्री'मध्ये पांढऱ्या पोशाखातली, छत्री घेतलेली बाई पार डावीकडे उभी आहे. मधली जागा फुललेल्या झाडाने बळकावली आहे. तिच्या मनात काय चाललंय हे विचारत बसलात तर हाती फारसं लागणार नाही. त्यापेक्षा तिच्या पोशाखावर पडलेलं ऊन बघा, चित्राचा जीव तिथे आहे.

म्हणून एकटेपणात कधी दुःख नसतंच, असंही नाही. रागमाला चित्रांतली, म्हणजे रागांना माणसांचं रूप देणाऱ्या जुन्या भारतीय लघुचित्रांतली, तोडी रागिणी वीणा घेऊन एकटी उभी असते, भोवती हरणं जमलेली. इथे विरह खरोखरच अभिप्रेत आहे, पण तो चेहऱ्यावर शोधू नका. वीणा ऐकायला हरणं आली, ज्याने यायला हवं होतं तो मात्र नाही. हा संकेत ठाऊक नसेल तर चित्र नुसतं गोड दिसतं. मात्र एका परंपरेचे संकेत दुसरीकडे चिकटवू नका. ख्रिस्ती चित्रांत मेरीजवळची पांढरी लिली पावित्र्याची खूण असते, म्हणून प्रत्येक बागेतलं पांढरं फूल पवित्र ठरत नाही.

चित्रकाराचं चरित्रही जपूनच वापरा. व्हॅन गॉगने आपल्या डॉक्टरच्या मुलीला, मार्गरित गाशेला, बागेत रंगवलं ते १८९०च्या जूनमध्ये. जुलैअखेर तो गेला, म्हणून लोकांना त्या फुलांतही मरण दिसतं. कॅनव्हासवर दिसतात ते पांढरे गुलाब आणि त्यांच्यात जवळजवळ मिसळून गेलेली एक फिकी आकृती.

तरीही अडलात तर आकृतीवर अंगठा ठेवा (छापील प्रतीवर, मूळ चित्रावर नव्हे!). मोनेची बाई झाकली तरी झाड उन्हात उभंच राहतं. तोडी झाकली की हरणं कशासाठी थांबली आहेत तेच कळत नाही.