सर्व्हर हलवला? पॉवर बीआयचा रिपोर्ट नव्याने करू नका

जालन्याच्या गोदामातला एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेसचा सर्व्हर) संभाजीनगरच्या ऑफिसात हलवला, की पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरमधले रिपोर्ट रिफ्रेश होत नाहीत. पॉवर बीआय डेस्कटॉप या अ‍ॅपमध्ये फाइल, ऑप्शन्स अँड सेटिंग्ज, मग डेटा सोर्स सेटिंग्ज उघडा. जुना सर्व्हर निवडून ‘चेंज सोर्स’मध्ये नवा पत्ता टाका. पोर्ट (सर्व्हरशी जोडणीचा क्रमांक) नेहमीचा १४३३ सोडून दुसरा असेल तर पत्त्यापुढे स्वल्पविराम किंवा कोलन देऊन तो लिहा.

नुसता पासवर्ड बदलला असेल तर ‘एडिट परमिशन्स’ पुरे. तिथे डावीकडचा ‘डेटाबेस’ टॅब निवडा. ‘विंडोज’वर राहिलात तर एसक्यूएलचं लॉगिन चालत नाही.

जपायचं एकच: पासवर्ड फाइलसोबत जात नाही. पब्लिश केल्यावर गेटवेच्या (ऑफिसातला डेटा पॉवर बीआयच्या ऑनलाइन सेवेला जोडणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) कनेक्शनमध्येही तो बदला, नाहीतर रात्रीचं रिफ्रेश फेल जातं.