मुक्कामी ट्रक कॅम्पर उतरवावा का?

ट्रक कॅम्पर म्हणजे पिकअपच्या मागच्या हौद्यात बसवलेली, काढता-घालता येणारी राहण्याची खोली. एका रात्रीचा मुक्काम असेल तर ती उतरवू नका. दोन रात्री आहेत, पण फिरणं जवळपास पायीच आहे, तरीही नको. सवयीच्या माणसालाही कॅम्पर उतरवायला अर्धा तास लागतो. चढवायला त्याहून जास्त, कारण पिकअप मागे घेताना दोन्ही बाजूंना जेमतेम इंच-दोन इंच जागा उरते. तीन-चार रात्री एकाच जागी राहून रोज गाडी बाहेर काढायची असेल, तर मात्र हा खटाटोप वसूल होतो. नाहीतर दररोज सकाळी वीज आणि पाण्याची जोडणी सोडा, स्लाइड-आउट (बाहेर सरकणारा खोलीचा भाग) आत घ्या, ओट्यावरची भांडी कपाटात बंद करा, असं घर आवरूनच निघावं लागतं.

गाडी कुठे न्यायची आहे, तेही पाहा. युटामध्ये शेफर ट्रेलसारख्या कच्च्या, वळणावळणाच्या रस्त्यावर टनभर वजन डोक्यावर घेऊन उतरणं शहाणपणाचं नाही. तिथल्याच झायन नॅशनल पार्कच्या बोगद्यात ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच वाहन इतर गाड्यांसारखं सरळ नेता येत नाही. नुसती पिकअप त्याच्या बरीच खाली राहते. पण उतरवलं म्हणजे प्रत्येक रस्ता मोकळा झाला, असंही नाही. मोंटानातल्या ग्लेशियर पार्कच्या गोइंग-टु-द-सन रोडवर, अॅव्हलांच कॅम्पग्राउंडपासून पुढच्या घाटात, २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद वाहनाला बंदी आहे. चार दारांची, ८ फुटी हौद्याची मोठी पिकअप रिकामी असली तरी लांबीत अडकते. मागे दुहेरी चाकं असलेली ड्युअली तर रुंदीतच अडते. तिथे उतरवण्याचे कष्ट फुकट जातील. पार्कची शटल घ्या.

उतरवण्याचं आणखी एक कारण फारसं बोललं जात नाही: पायऱ्या. गाडीवर असताना कॅम्परचं दार कमरेच्या आसपास असतं. भारतातून आई-बाबा आलेले असतील, तर रात्री-अपरात्री त्या अरुंद पायऱ्या उतरणं त्यांना जड जातं. खाली घेतलेल्या कॅम्परला एक-दोन पायऱ्या पुरतात.

ठरलं असेल, तर आधी कॅम्पग्राउंडच्या ऑफिसात विचारा. काही ठिकाणी कॅम्पर गाडीवरून उतरवून ठेवायला परवानगी नसते. जागा सपाट आणि कडक हवी, आणि पिकअप अख्खी सरळ पुढे निघून जाईल एवढी मोकळीक समोर हवी. वळत बाहेर पडावं लागणारी जागा सोडूनच द्या. वरच्या फांद्याही बघा, कारण सुरुवातीला कॅम्पर वर जाणार आहे.

हँडब्रेक ओढा, स्लाइड-आउट आत घ्या, सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करा. पाण्याच्या एका गॅलनचं वजन साधारण ८.३ पौंड, ४० गॅलनची टाकी भरलेली असेल तर जॅकवर, म्हणजे कॅम्पर उचलणाऱ्या कोपऱ्यांतल्या चार पायांवर, तीनशेपेक्षा जास्त पौंड उगाच पडतात. आत कोणी थांबायचं नाही. मग टर्नबकल, म्हणजे कॅम्पर गाडीला आवळून धरणारे फिरकीचे ताण, सोडा आणि गाडीला जोडलेली विजेची केबल काढा. ही केबल विसरली की पिकअप पुढे जाताना सॉकेटच उपटून निघतो. ती काढल्यावर कॅम्परची बॅटरी गाडीवर चार्ज होणार नाही; सोलर किंवा साइटवरची वीज नसेल तर तेवढा हिशेब ठेवा.

प्रत्येक जॅकखाली फूटभर लांबीची जाड फळी ठेवा. पावसाने भिजलेल्या मातीत जॅकचा पाय रुततो, आणि कडक उन्हात डांबरातही. ड्युअली असेल तर पुढच्या जॅकचे ब्रॅकेट आधी बाहेर फिरवा. चारही पाय टेकले की दोन-दोन इंचांनी, आळीपाळीने उचला. एकच कोपरा जास्त उचलला की सगळा भार कर्णातल्या दोन पायांवर जातो, सांगाडा पिळवटतो आणि कोपऱ्यातल्या लाकडातून ब्रॅकेटचे बोल्ट सुटू लागतात. पुढची बाजू मागच्यापेक्षा सतत इंचभर वर असू द्या. नाक खाली गेलं तर पिकअप निघताना कॅम्परची पुढची कड हौद्याला घासत राहते.

नवख्यांना इथे एक गोष्ट चकवते. कॅम्पर उचलला जातोय, पण हौदा त्याला चिकटूनच वर येतोय, असं दिसतं. जॅक बिघडलेला नसतो. वजन उतरलं की पिकअपच्या स्प्रिंगा मोकळ्या होतात, म्हणून मागचा भाग काही इंच वर येतो. हौदा थांबेपर्यंत उचला, आणि मग दोन इंच फट दिसू द्या. त्यानंतर एकाला बाजूला उभं करा, तीन-चार फूट पुढे जा, थांबा, चाकांच्या उंचवट्यापाशी काही अडकत नाही ना ते उतरून बघा, मग उरलेलं अंतर जा.

पिकअप निघाली की कॅम्पर लगेच खाली घ्या. हे टाळणारे बरेच असतात, आणि तीच सगळ्यात मोठी चूक. जॅक उभा भार पेलायला बनवलेले असतात, आडवा धक्का सोसायला नव्हे. पाय जितके लांब, तितका आडव्या धक्क्याचा जोर वाढतो, आणि वाऱ्यात कॅम्पर डुलतो. शक्य तितका खाली आणून तळाखाली सुतारी घोडे किंवा चार-बाय-चारचे ठोकळे रचा. थोडं वजन त्यांच्यावर आलं की चालताना होणारी हालचाल बरीच कमी होते. आधाराशिवाय स्लाइड-आउट उघडायचा की नाही, हे मॅन्युअलमध्ये बघूनच ठरवा. शेवटी पाणसळ लावा. जुन्या पद्धतीचा गॅसवरचा फ्रिज तिरका राहिला तर नीट गार होत नाही आणि पुढे निकामी होऊ शकतो. वादळी वाऱ्याचा अंदाज असेल तर तो येण्याआधीच कॅम्पर गाडीवर चढवून बांधून टाका.

चढवताना हौद्यात रबरी मॅट हवी, नाहीतर कॅम्पर गुळगुळीत पत्र्यावर सरकतो. पिकअप सरळ रेषेत मागे आणा. वाकडी आली तर पुढे घेऊन पुन्हा सरळ करा. पिकअप कॅम्परखाली असताना स्टिअरिंग फिरवून जुळवायला गेलात तर कॅम्पर जॅकसकट ढकलला जातो. बसवल्यावर टर्नबकल आवळा, केबल जोडून इंडिकेटर आणि ब्रेकचे दिवे तपासा, जॅक पूर्ण वर घ्या, ड्युअलीचे ब्रॅकेट आत फिरवा. पंधरा-वीस मैलांनी थांबून टर्नबकल पुन्हा बघा. हादऱ्यांनी कॅम्पर बसतो, आणि दोन-तीन फेरे ढिले झालेले सापडतात.