हलकी डाउनहिल सायकल स्वतः बांधायची तर वजन कुठून काढायचं

डाउनहिल सायकल, म्हणजे डोंगरावरून वेगात खाली यायची सायकल, हलकी करायची म्हटलं की लोक आधी टायरला हात घालतात, कारण तिथे एका झटक्यात अर्धा-पाऊण किलो उतरतं आणि खर्चही फार नाही. माझं स्पष्ट मत आहे की तेच करू नका. ऑस्ट्रियातल्या लिओगँगच्या डाउनहिल वर्ल्ड कपमध्ये काय झालं ते बघा, २०१४ ला अमेरिकन रेसर ॲरन ग्विनचा मागचा टायर गेला आणि तो जवळपास नुसत्या रिमवर खाली आला, शर्यत हातची गेली. पुढच्याच वर्षी, २०१५ ला, त्याच डोंगरावर सुरुवातीलाच त्याची चेन तुटली आणि पठ्ठ्या चेनशिवाय ती शर्यत जिंकला! उतारावर टायर किती लागतो आणि गिअर किती लागतात ते यावरून समजून घ्या, वजन काढायचा क्रमही इथूनच ठरतो.

आधी स्वतःचं रायडिंग कागदावर लिहा

तुमचं वजन किती, ट्रॅक दगडांचे की जंपचे, वर लिफ्टने किंवा गाडीने जाता की पॅडल मारत, वर्षाला किती रिम वाकतात, हे सगळं खरं खरं लिहा. ६० किलोचा रायडर जो बहुतेक वेळ गुळगुळीत जंप ट्रॅकवर असतो आणि ९५ किलोचा जो सरळ दगडांत घुसतो, या दोघांची सायकल सारखी असूच शकत नाही. मग आत्ताच्या सायकलचा एकेक पार्ट काढून वजन करा, किचनचा डिजिटल काटा पुरतो, आणि यादी बनवा. कंपनीने छापलेल्या वजनावर जाऊ नका, काट्यावर बऱ्याचदा जास्तच भरतं. तयार डाउनहिल सायकली साधारण १६ ते १८ किलोच्या असतात, आपल्यासारख्यांनी १५ च्या आसपास थांबावं, त्याखाली गेलात की कुठेतरी मजबुती विकलेली असते.

फ्रेम

यावर फार वेळ घालवू नका. साधारण २०० मिमी ट्रॅव्हल (चाक वर-खाली किती हलतं ते), हेड अँगल (पुढच्या फोर्कचा कल) ६३ अंशांच्या आसपास आणि तुमच्या उंचीला बसणारा रीच (पॅडलच्या धुरीपासून हँडलच्या नळीपर्यंतचं आडवं अंतर) एवढं जमलं की झालं. कार्बन फ्रेम हलकी असते हे खरं, पण वापरलेली घेणार असाल तर खालच्या ट्यूबवर आणि पिव्हटजवळ (मागचा भाग हलतो ते सांधे) बारीक चिरा आहेत का ते उजेडात नीट बघा. आणि काहीही ऑर्डर करायच्या आधी मागच्या हबची रुंदी १४८ की १५७ मिमी, बॉटम ब्रॅकेट (पॅडलच्या धुरीचं बेअरिंग) कुठला, शॉकची (मागच्या सस्पेन्शनची) लांबी आणि स्ट्रोक (तो किती दबतो) किती हे मोजून घ्या, इथे चुकलं की सगळी यादी कोलमडते.

गिअर आणि सीट, वजन इथून काढा

फक्त उतारावर चालवणार असाल तर १० ते ५२ दातांची मोठी कॅसेट (मागच्या चाकावरचा गिअरचा संच) कशाला हवी? ७ स्पीडची छोटी डाउनहिल कॅसेट लावा, पुढे ३४ किंवा ३६ दातांची एकच चेनरिंग, छोट्या केजचा (खाली लोंबणाऱ्या हाताचा) डिरेल्युअर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, मग चेनही आखूड होते. कॅसेटमध्येच दोन-अडीचशे ग्रॅम सहज सुटतात, आणि तेही मागच्या चाकावरून, म्हणजे सस्पेन्शनच्या खालचं वजन कमी झाल्यामुळे मागचं चाक खड्ड्यात पटकन खाली येऊन जमीन धरतं. हा फायदा फ्रेममधून तेवढंच वजन काढून मिळत नाही. ड्रॉपर, म्हणजे बटणाने वर-खाली होणारा सीटपोस्ट काढून साधा आखूड सीटपोस्ट आणि हलकी सीट लावली की अजून तीन-चारशे ग्रॅम गेले. चेन पडू न देणारा चेनगाइड मात्र ठेवा.

चाकं आणि टायर

डाउनहिल केसिंगचा (केसिंग म्हणजे टायरचं मूळ कापड, डाउनहिलचं जाड असतं) २९ इंची टायर १२०० ते १४०० ग्रॅम भरतो, साध्या डोंगरी वाटांसाठीचा ट्रेल टायर हजाराच्या आतबाहेर. मोह होतोच. मी म्हणेन मागे कायम डाउनहिल केसिंग, पुढे वजनाने हलके असाल आणि ट्रॅक फार दगडी नसेल तर एक पायरी खालचं केसिंग चालेल. ट्यूब काढून ट्यूबलेस करणं हा यातला सगळ्यात चांगला सौदा, डाउनहिलची जाड ट्यूब काढून सीलंट (भोक बुजवणारं द्रव) भरलं तरी दर चाकाला दीड-दोनशे ग्रॅम वाचतात आणि ट्यूब चिमटून होणारं पंक्चरही संपतं. रिम मागे ॲल्युमिनियमचीच बरी वाटते मला, वाकली तर पान्याने थोडी सरळ करून दिवस निघतो, कार्बन तडकली की तिथेच संपलं. स्पोक ३२ च ठेवा.

सस्पेन्शन आणि ब्रेक

कॉइल, म्हणजे स्प्रिंगचा शॉक मऊ चालतो आणि लांब ट्रॅकवर एकसारखा राहतो, हवेवर चालणारा एअर शॉक तीन-चारशे ग्रॅम हलका आणि मोठ्या लँडिंगला शेवटी जास्त घट्ट होतो. जंपवाल्यांनी एअर घ्यावा, दगडवाल्यांनी कॉइल, आणि पैसे असतील तर टायटॅनियम स्प्रिंग. ब्रेकमध्ये अजिबात कंजुषी नको, चार पिस्टन आणि २०० मिमी रोटर (ब्रेकची चकती) हे कमीत कमी, छोटा रोटर लावून वाचतात ते जेमतेम तीस-चाळीस ग्रॅम, त्यासाठी खाली पोचेपर्यंत ब्रेक तापून ढिला पडणं कोणाला परवडेल? ॲल्युमिनियमचे हलके बोल्ट स्टेम (हँडल धरणारा भाग), ब्रेक, रोटर आणि शॉक माउंटला कधीही लावू नका.

जोडणी

टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच पिळणारा पाना) हवाच, अंदाजाने पिळायचं नाही. प्रत्येक पार्टवर किंवा त्याच्या मॅन्युअलमध्ये आकडा असतो, स्टेमचे बोल्ट बहुधा ५-६ न्यूटन मीटर, कार्बन हँडलला आधी कार्बन पेस्ट लावा. डबल क्राउन फोर्क (पाय दोन आडव्या क्राउनमध्ये पकडलेला) बसवताना एक तपासणी बरेच जण विसरतात, फोर्कमधली सगळी हवा सोडून तो पूर्ण खाली दाबा आणि टायर खालच्या क्राउनला लागत नाही ना ते बघा, मग हँडल दोन्हीकडे वळवून फोर्कचे रबर बंपर फ्रेमवर बरोबर जागी टेकतात का ते बघा. हे राहिलं तर पहिल्याच मोठ्या जंपला चाक अडकू शकतं किंवा फ्रेमला खोक पडू शकते.

सगळं जोडून झाल्यावर हेल्मेट, पॅड, बूट घालूनच सॅग, म्हणजे तुम्ही बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं ते, मोजा, मागे साधारण ३० टक्के, म्हणजे ७५ मिमी स्ट्रोकच्या शॉकला २२ मिमीच्या आसपास, पुढे २० ते २५ टक्के. पहिले दोन-तीन रन ओळखीच्या सोप्या ट्रॅकवर करा, आणि प्रत्येक रननंतर क्राउनचे, पिव्हटचे आणि रोटरचे बोल्ट टॉर्क रेंचने परत तपासा, नवीन स्पोकही थोडे सैल होतात तेही बोटांनी चाचपून बघा. सायकल आता दगडांवर जास्त उडतेय असं वाटलं तर लगेच वजन परत वाढवायच्या मागे लागू नका, आधी रिबाउंड (दबलेलं सस्पेन्शन परत किती वेगात वर येतं ते) एकेक क्लिक बदला आणि टायरची हवा थोडी थोडी कमी करून बघा, बहुतेक वेळा तेवढ्याने सायकल परत जमीन धरते.