स्विच स्टॅकमध्ये मेंबर बदलायचा, वाढवायचा किंवा नंबर फिरवायचा असेल तर

सिस्कोच्या कॅटलिस्ट 3850 आणि 9300 वाल्या स्टॅकबद्दल (केबलने जोडून एकच स्विच असल्यासारखे चालणारे अनेक नेटवर्क स्विच, त्यातला प्रत्येक डबा म्हणजे मेंबर) लिहितोय, जुन्या 3750 मध्ये पण विचार तोच आहे, फक्त तिकडे प्रायॉरिटी (मुख्य स्विच कोण होणार याचं वजन) आणि रीनंबरच्या (मेंबर नंबर बदलण्याच्या) कमांड कॉन्फिग मोडमध्ये जाऊन द्यायच्या असतात आणि इकडे सरळ इनेबल प्रॉम्प्टवर, म्हणजे कॉन्फिग मोडमध्ये न जाता.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पोर्टचं कॉन्फिग डब्याला चिकटलेलं नसतं, मेंबर नंबरला चिकटलेलं असतं. गिगाबिट 3/0/12 मधला पहिला 3 म्हणजे मेंबर नंबर. म्हणून कुठलंही काम काढायच्या आधी कुठला नंबर कोणाला राहणार ते कागदावर लिहून घ्या, मग शो स्विच मारा, नंबर, रोल, प्रायॉरिटी, स्टेट सगळं दिसतं. शो स्विच स्टॅक-पोर्ट्स समरी मध्ये सगळे पोर्ट ओके पाहिजेत, स्टॅक केबलची रिंग अर्धी तुटलेली असेल तर आधी ती केबल नीट करा, कारण तुटक्या रिंगमधून अजून एक मेंबर काढला की स्टॅकचे दोन तुकडे होऊ शकतात आणि दोन्ही तुकडे एकाच आयपीने बोलायला लागतात. आणि रनिंग कॉन्फिगचा बॅकअप स्टॅकच्या बाहेर घ्या, फ्लॅशमध्ये ठेवलेला बॅकअप धरू नका.

प्रायॉरिटी 1 ते 15 असते, डिफॉल्ट 1. ज्याला अॅक्टिव्ह (सगळा स्टॅक चालवणारा मुख्य स्विच) ठेवायचंय त्याला स्विच 1 प्रायॉरिटी 15, स्टँडबायला (अॅक्टिव्ह पडला तर त्याची जागा घेणाऱ्याला) 14, बाकीच्यांना कमी. हे केल्या केल्या अॅक्टिव्ह बदलत नाही, अॅक्टिव्ह ठरवायच्या पुढच्या निवडणुकीत लागू होतं, त्यामुळे दिवसा केलं तरी चालतं. पूर्ण स्टॅक एकदम चालू होताना पहिल्या 120 सेकंदात जे उठतात तेच निवडणुकीत असतात, उशिरा आलेला कितीही मोठी प्रायॉरिटी घेऊन आला तरी मेंबरच होतो.

आता बंद पडलेला स्विच बदलायचा. नवीन तेच मॉडेल घ्या, स्टॅकच्या केबल न लावता एकटा चालू करा, व्हर्जन आणि लायसन्स लेव्हल स्टॅकसारखीच करा, इन्स्टॉल मोड की बंडल मोड (सॉफ्टवेअर सुट्या पॅकेजमधून चालतं की एका फाइलमधून) तेही बघा. बंद पडलेला 3 नंबरचा असेल तर मग स्विच 1 रीनंबर 3 देऊन रीलोड करा, नंबर 3 आला याची खात्री करा आणि पॉवर काढा. पॉवर काढलेली असतानाच स्टॅक केबल लावायच्या आणि मग चालू करायचा, हे कधीच उलटं करू नका. चालू असलेला स्विच जोडला की दोन अॅक्टिव्ह समोरासमोर येतात, जो हरतो तो रीलोड होतो, आणि तुमचा नवीन स्विच दुसऱ्या साइटवरून काढून आणलेला असेल, त्यात प्रायॉरिटी 15 पडलेली असेल, तर हरणारा तुमचा चालता स्टॅक असू शकतो आणि मग वर कॉन्फिग त्या आणलेल्या स्विचचं येतं. राइट इरेज (सेव्ह केलेलं कॉन्फिग पुसायची कमांड) मारलं म्हणून बिनधास्त राहू नका, त्याने मेंबर नंबर आणि प्रायॉरिटी जात नाही, ती हाताने 1 करा.

नीट जोडला की स्टॅकला 3 नंबरचं कॉन्फिग आधीच माहीत असतं, पोर्ट आपोआप जुन्यासारखे येतात. शो स्विच मध्ये स्टेट रेडी यायला वेळ लागतो, थांबा. व्ही-मिसमॅच दिसलं तर व्हर्जन जुळत नाहीये.

चालू मेंबरचा नंबर बदलणं हे जास्त नाजूक काम. स्विच 2 रीनंबर 4 आणि मग रीलोड स्लॉट 2, पण 2 चं पोर्ट कॉन्फिग 4 वर जात नाही, 4 चे पोर्ट कोरे येतात. म्हणून 2/0 चे सगळे इंटरफेस आधी नोटपॅडमध्ये काढा, नंबर बदलून ठेवा, वर आल्यावर पेस्ट करा, मग नो स्विच 2 प्रोव्हिजन करून जुना कचरा साफ करा. नवा नंबर आधीच कोणी वापरत असेल तर रीलोडनंतर त्याला सगळ्यात छोटा रिकामा नंबर मिळतो, मग शोधत बसावं लागतं. अपलिंक (बाकीच्या नेटवर्ककडे जाणारी जोडणी) त्याच मेंबरवर असेल तर कन्सोल केबलशिवाय (स्विचला थेट लावायच्या केबलशिवाय) हात लावू नका.

लांबून अपलिंकचं ट्रंक (अनेक व्हीलॅन नेणारा पोर्ट) किंवा पोर्ट-चॅनल (अनेक पोर्ट मिळून एक लिंक) बदलताना आधी कॉन्फिग सेव्ह करा, मग रीलोड इन 10 लावा, म्हणजे हात सुटला तरी 10 मिनिटांनी सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर रीलोड होतो, सगळं नीट चाललं तर रीलोड कॅन्सल आणि मगच परत सेव्ह. प्रायॉरिटी आणि रीनंबरला मात्र ही युक्ती चालत नाही, ते त्याच क्षणी साठवलं जातं आणि रीनंबर तर रीलोडलाच लागू होतं.

अॅक्टिव्हच काढायचा असेल तर स्टॅक-मॅक परसिस्टंट टायमर 0 आहे का बघा, म्हणजे स्टॅकचा जुनाच मॅक (हार्डवेअर पत्ता) राहतो आणि एसटीपी (लूप टाळणारा प्रोटोकॉल), एलएसीपीवाले (लिंक एकत्र बांधणारा प्रोटोकॉल) शेजारी स्विच हलत नाहीत. फक्त तो काढलेला डबा त्याच नेटवर्कमध्ये दुसरीकडे लावू नका, दोन ठिकाणी एकच मॅक दिसेल. शेवटी शो रिडंडन्सी मध्ये स्टँडबाय हॉट (म्हणजे जागा घ्यायला तयार) दिसेपर्यंत राइट मेमरी (कॉन्फिग सेव्ह) करून निघून जाऊ नका.