खोक्यावर महिना लिहा, मग कळेल कोणता पार्ट किती दिवसांपासून पडून आहे

जळगावात कारच्या शोरूमचं पार्ट्स स्टोअर बघतो मी, आणि नवीन पोरगा आला की हमखास विचारतो, भाऊ डीएमएसमध्ये (शोरूमच्या सॉफ्टवेअरमध्ये) एजिंगचा, म्हणजे माल किती दिवस पडून आहे त्याचा रिपोर्ट आहे ना मग वेगळं काय बघायचं. रिपोर्ट आहे, पण त्यात वय कोणत्या तारखेपासून मोजलंय ते आधी बघायचं.

आमच्याकडे एका साइड मिररचे 3 नग सिस्टीममध्ये दिसायचे पण बिनमध्ये (ठरलेल्या खणात) सापडेनात, तेवढ्यात अपघाताची गाडी आली, सर्व्हिसला आलेल्या गाड्या बघणारा ॲडव्हायझर डोक्यावर बसला म्हणून आणखी 1 मागवला. दिवाळीच्या साफसफाईत ते 3 वरच्या रॅकवर मागे निघाले, दीड वर्षापूर्वीचे! रिपोर्टमध्ये मात्र शेवटच्या जीआरएनची (माल आल्याच्या नोंदीची) तारीख धरलेली, म्हणून चारही नग ताजे दिसत होते. धुळ्याच्या ब्रँचमधून ट्रान्स्फर आला तरी असंच होतं, तारीख नवी पडते अन माल जुनाच असतो.

म्हणून माल उतरला की खोक्यावर जाड मार्करनं महिना-वर्ष लिहायचं, ट्रान्स्फरचा असेल तर मूळ तारीखच लिहायची, आणि जुना पुढे नवा मागे. एवढं एक काम रोज केलं तरी अर्धी लढाई जिंकली समजा.

मग महिन्यातून एकदा एक्सेल काढा. पार्ट नंबर, नग, खरेदीची किंमत (एमआरपी नाही), आल्याची तारीख (खोक्यावरची) आणि शेवटच्या विक्रीची तारीख. आजच्या तारखेतून आल्याची तारीख वजा केली की दिवस मिळतात, ते 0 ते 90, 91 ते 180, 181 ते 365 आणि त्यावर असे वाटून घ्या. यादी रुपयांवर लावा, नगांवर नको, नाहीतर पाच-पाच रुपयांच्या क्लिपा मोजत बसाल आणि 18 हजारांचा बंपर तसाच राहील. 10 लाखांचा माल पडून असेल आणि बँकेचं व्याज वर्षाला 12 टक्के असेल तर महिन्याला 10 हजार नुसते व्याजात जातात, शेठला हा आकडा दाखवला की लगेच लक्ष देतात.

पण नुसतं वय बघून माल डेड ठरवू नका. वायपर ब्लेड फेब्रुवारीत हलत नाही म्हणजे ते मेलं नाही, जूनमध्ये जाईलच. उलट बॅटरी आणि रबराचा माल कमी दिवसांचा असला तरी जपायचा, आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली बॅटरी लवकर उतरते, तिचं व्होल्टेज बघून चार्ज करत राहायला लागतं. टायरवर तर कारखान्याची तारीखच असते, 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा, तिथं जीआरएन बघूच नका.

जुन्या मालात सगळ्यात जास्त काय निघतं माहितीये का, कस्टमरनं मागवून न नेलेले पार्ट आणि इन्शुरन्समध्ये गाडी टोटल लॉस (दुरुस्तीला न परवडणारी) ठरल्यावर उरलेले बॉडी पार्ट. म्हणून ॲडव्हान्स घेतल्याशिवाय स्पेशल ऑर्डर टाकायची नाही, ओळखीचा माणूस असला तरी नाही, आणि इन्शुरन्सच्या सर्व्हेअरचं अप्रूव्हल हातात येईपर्यंत बॉडी पार्ट थांबवायचे. 90 दिवस ओलांडले की दुसऱ्या ब्रँचला विचारा, कंपनीची रिटर्नची मुदत संपायच्या आत परत पाठवा, 180 नंतर डिस्काउंट देऊन गॅरेजवाल्यांना फोन लावा. आमचे ते 3 मिरर असेच एका गॅरेजवाल्याला खरेदीच्या निम्म्या भावात द्यावे लागले.